चेहऱ्याखालचा मजकूर

बसस्टॉपवर बायको दिसली तेव्हा मास्तरला आधी आनंदच झाला. आता ती जाऊन दोन वर्षं उलटली होती, आणि मास्तर काही भ्रमिष्ट माणूस नव्हे. शाळेचे गणवेश शिवणाऱ्या कारखान्यात कापड बेतून कापण्यात ज्याची हयात गेली असा, पायाखाली बघून चालणारा माणूस. पण आनंदाला कुठे अक्कल असते? काचेवर कालपर्यंत कसल्याशा साबणाची जाहिरात होती, तिथे आज ती होती, चांगली दाराएवढी, आणि त्याच्या तोंडून निघूनच गेलं, "अगं, तू इथे कशी?" शेजारच्या बाईने पिशवी छातीशी धरली आणि ती जरा लांब सरकली. मास्तर हसत होता. मग नजर खाली उतरली. 'ही आई का रडते आहे?' असं लाल अक्षरांत लिहिलं होतं, आणि त्याखाली, 'हिचा आजार हिच्या लेकीपासून कुणी लपवला? चुकीच्या औषधांनी हिचा बळी कुणी घेतला? डॉक्टरीणबाई, उत्तर द्या!' कोपऱ्यात निवडणुकीला डॉक्टरीणबाईंच्या विरोधात उभा असलेला उमेदवार, छातीवर हात ठेवून, जणू त्याच्याच घरातलं कुणी गेलंय. बस आली, थांबली, गेली. मास्तरच्या मनात एवढंच आलं, की अहो, रडत कुठे आहे ती? हसतेय.

तिचं हसणं हा घरातला जुना विनोद होता. हसू आलं की तिचं तोंड वाकडं व्हायचं, डोळे मिटायचे, कपाळावर आठ्या आणि गालांवरून घळाघळा पाणी. एकदा विनोदी नाटकाला गेले होते तर मागच्या रांगेतल्या म्हाताऱ्याने पुढे वाकून तिची समजूत घातली, "रडू नको पोरी, नाटक आहे ते." त्यावर ती आणखी हसली आणि म्हातारा आणखी घाबरला. हा फोटोही तसलाच. मास्तरने एकदा हौसेने तिच्यासाठी कोट शिवायला घेतला होता. कारखान्यात कापडाचे थरावर थर टाकायचे, वर कागदाची आखणी ठेवायची आणि मशीन फिरवायचं. डाव्या-उजव्या बाह्या त्या आखणीतच असतात, त्याचा विचार करावा लागत नाही. घरी एका कोटासाठी कापड घडी घालून कापायचं असतं हे तो विसरला. हातात आल्या दोन डाव्या बाह्या. शिकाऊ माणूस करणार नाही अशी चूक, पण मास्तरने त्या तशाच टाचून तिच्या अंगावर चढवल्या, आणि तिचा उजवा हात असा काही पिरगळून बाहेर आला की ती भिंतीला टेकली आणि हसत हसत खाली बसली. माऊ, म्हणजे त्यांची मुलगी, तेव्हा शाळेत होती. तिनेच नव्या कॅमेऱ्याने तो फोटो काढला. आणि पुढे बायको गेल्यावर वस्तीतल्या साप्ताहिकात छापायला मास्तरने नेमका तोच काढून दिला. मेहुणा म्हणाला, "भावजी, दुसरा बघा ना एखादा. लोकांना वाटेल हाल हाल होऊन गेली." पण मास्तर हट्टाला पेटला. म्हणाला, हीच ती. बाकीच्या फोटोंत ती फोटो काढून घेणारी बाई आहे. म्हणजे ज्याने कुणी तो उचलला त्याला तो मास्तरनेच हातात दिला होता, असं म्हणायचं.

कारखान्यात त्या दिवसांत गणवेश बाजूला ठेवून झेंडे कापायचं काम चाललं होतं, त्याच उमेदवाराचे. मास्तर आत शिरला तशी शिवणयंत्रं एकेक करून थांबली. बायका त्याच्याकडे बघत होत्या, दोघी-तिघींचे डोळे ओले. इस्त्रीवाले काका इस्त्री उभी करून पुढे आले आणि त्यांनी त्याचे दोन्ही हात धरले. "मास्तर, एवढं झालं आणि तुम्ही आम्हाला बोलला नाहीत?" मास्तर म्हणाला, "काका, खोटं आहे ते." "असू दे, असू दे," काका म्हणाले, "तोंडाने बोलवत नाही माणसाला." मालकाने केबिनमधून खुर्ची पाठवली. आजवर त्या टेबलाशी कुणी त्याला खुर्ची दिली नव्हती. बायको गेली तेव्हा चौथ्या दिवशी तो कामावर आला होता, आणि कुणी अवाक्षर काढलं नव्हतं; आजारी बाई गेली, त्यात काय बोलायचं, असंच असतं सगळ्यांचं. आता बोलायला काहीतरी होतं. दिवसभर कुणी ना कुणी चहा आणून ठेवत होतं. मास्तर तो पीत होता, आणि खरं सांगायचं तर तो त्याला गोड लागत होता. त्याची त्यालाच शरम वाटली.

खोटं कसं, तर असं. दुखणं यकृताचं होतं, हाताबाहेर गेलेलं. डॉक्टरीणबाईंनी पहिल्याच आठवड्यात समोर बसवून दोघांना सांगितलं, काहीही पाल्हाळ न लावता. मोठ्या इस्पितळात जायला बायकोच नाही म्हणाली. मग बाई स्वतः तीन जिने चढून यायच्या, संध्याकाळी, दवाखाना बंद केल्यावर, नळ्या बदलायच्या, दुखू नये म्हणून सुई द्यायच्या, आणि जाताना उंबऱ्याशी दम खात म्हणायच्या, "तुमच्या बिल्डिंगीला लिफ्ट बसवायला तरी मी निवडणुकीला उभी राहणार बघा." ती हसायची. माऊ तेव्हा दूरच्या शहरात सासरी होती, दिवस गेलेले. आधीचं एक पोटातच गेलं होतं, आणि या खेपेला तिला पलंगावरून उतरायचीही मनाई होती. "तिला कळवलंत तर बघा," बायको म्हणाली. "ती धावत येईल, आणि हेही जाईल." मास्तरने मान हलवली. बाईंनीही शब्द दिला. आणि मग एक दिवस ती अगदी साध्या आवाजात म्हणाली, "अहो, नंतरसुद्धा सांगू नका. का नाही कळवलं ते. नाहीतर ती जन्मभर त्या लेकराकडे बघेल आणि माझी आठवण काढून कुढेल. लेकराचा काय दोष?" मास्तरने त्यालाही मान हलवली. मान हलवायला काय लागतं? गेल्यावर त्याने फोन करून सांगितलं, अचानक झालं. माऊ बाळंतपण उरकून आली तेव्हा कोपऱ्यातल्या खोलीतल्या शेजारणीने सहज विषय काढला, बिचारीने चार महिने काढले हो अंथरुणात. त्या दिवशी माऊ जिन्यात उभी राहून ओरडली, "मला का नाही सांगितलंत? माझी आई होती ती!" सगळ्या मजल्यांची दारं उघडली. मास्तर गप्प. तो गप्पच राहिला. तेव्हापासून तिचा फोन यायचा तो महिन्याकाठी, आणि त्यात ती हवेचं आणि तब्येतीचं विचारायची, बँकेत चौकशी करतात तसं.

त्या संध्याकाळी फोन आला तो वेगळा. फोटो तिच्यापर्यंत पोचला होता. ती रडत होती. "बाबा," ती म्हणाली, आणि मग बराच वेळ नुसतं "बाबा." त्या एका शब्दात दोन वर्षांची गाठ सुटत होती, ते मास्तरला कळलं. "तुम्ही का नाही बोललात? त्या बाईने तुम्हालाही फसवलं ना? काही होत नाही, बरी होईल, मुलीला उगाच बोलावू नका, असंच सांगितलं असणार तिने. आणि मी मेली तुमच्यावर डूख धरून बसले. जेवलात का तुम्ही? काय करता रात्रीचं? स्वतःच करता?" मास्तर खुर्चीत बसून होता. 'नाही गं, बाईंचा काही दोष नाही,' हे वाक्य त्याच्या जिभेवर तयार होतं. ते बोललं की पुढचा प्रश्न ठरलेला, मग का नाही कळवलं? आणि त्या प्रश्नाचं उत्तर द्यायचं नाही, असं त्याने बायकोला कबूल केलं होतं. "जेवलो," तो म्हणाला. "भात टाकला होता." तेवढंच. फोन ठेवल्यावर त्याला कितीतरी दिवसांनी गाढ झोप लागली. माणूस असाच असतो. त्याला चोराच्या हातून मिळालं तरी पांघरूण ऊबच देतं.

पण सकाळी बसस्टॉपवर ती होतीच. नंतर पुलाच्या कठड्यावर, भाजीवाल्याच्या गाड्यामागे, शाळेच्या भिंतीवर एका ओळीत पाच वेळा. मास्तर प्रचार कचेरीत गेला. तिथला माणूस तरुण, घडी न मोडलेल्या शर्टातला, बोलायला असा गुळगुळीत की माशी बसली तर घसरावी. त्याने मास्तरला पाणी दिलं. "काका, खोटं कुठे लिहिलंय सांगा मला. आम्ही विचारलंय फक्त. विचारायची चोरी आहे का?" मास्तर म्हणाला, "ती रडत नाहीये. हसतेय." त्या माणसाने भिंतीवरच्या चित्राकडे पाहिलं, मग मास्तरकडे, आणि त्याच्या चेहऱ्यावर खरीखुरी कणव आली. "काका, तुम्हाला विश्रांतीची गरज आहे," तो म्हणाला. "सभेला या. पहिल्या रांगेत खुर्ची ठेवतो तुमच्यासाठी." पुन्हा खुर्ची.

डॉक्टरीणबाईंच्या दवाखान्यात बाकं रिकामी होती. एरवी तिथे पाय ठेवायला जागा नसे. बाई एकट्याच बसल्या होत्या, त्यांनी सवयीने त्याच्या दंडाला पट्टा बांधला आणि रक्तदाब मोजला. "वाढलाय," त्या म्हणाल्या. मास्तर म्हणाला, "बाई, मी सांगतो सगळ्यांना." "काय सांगाल? आधी मुलीला सांगावं लागेल." "तुम्ही का नाही बोलत? तुमच्यावर एवढं किटाळ आलंय." बाईंनी पट्टा सोडला, गुंडाळला. "मी तुमच्या बायकोला शब्द दिलाय. पेशंट मेला म्हणून शब्द मरत नाही माझा." मग एकदम त्यांचा आवाज चढला. "आणि राग येतो मला तुमचा, स्पष्ट सांगते. काल एक बाई तापलेलं पोर घेऊन दारापर्यंत आली आणि भिंतीवरचं ते बघून परत गेली. निवडणूक जाऊ दे मसणात. ते पोर कुठे गेलं असेल, ते सांगा मला." बाईंनी गोळ्या लिहून दिल्या, त्याही त्याने घेतल्या.

आता खरी गंमत पुढेच आहे, आणि ती काही हसण्यासारखी नाही. दिवसातून वीस ठिकाणी तो चेहरा बघायचा, आणि चेहऱ्याखाली तोच मजकूर. मास्तर डोळे मिटून घरातली ती आठवू गेला की आता हीच यायची. पलंगावर पडलेली, पण तोंड असं, डोळे असे. तो मनाशी म्हणे, शेवटी शेवटी ती शांत होती, तू स्वतः बघितलंस. बघितलंस ना? मग त्या सुईचं आठवे. बाई पाठमोऱ्या उभ्या राहून सुई भरायच्या. पाठमोऱ्या का? दिवा त्या बाजूला होता म्हणून, दुसरं काय. शेवटल्या संध्याकाळी बाई त्याला म्हणाल्या होत्या, "जरा खाली जाऊन फिरून या." का पाठवलं त्याला? कारण तो दोन रात्री जागा होता आणि भिंतीला धरून चालत होता. उत्तर ठाऊक होतं, चोख ठाऊक होतं, पण प्रश्न काही उत्तर मिळाल्यावर उठून जात नव्हता. घरात पाहुणा येतो, त्याला चहा द्यावा, पाणी द्यावं, त्याचं सगळं ऐकून घ्यावं, आणि तरी तो बसलेलाच राहावा, तसं. एका दुपारी टेबलाशी झेंडे कापताना मास्तरला चक्क वाटून गेलं, की खरंच तसं असेल तर? मग माझाही दोष नाही. मशीन बंद करून तो नळाखाली डोकं धरून उभा राहिला. अरे नालायका, तो स्वतःला म्हणाला, तिच्या मरणावर उठलास? आणि तिथल्या तिथे त्याने ठरवलं, माऊला सांगायचं. शब्द मोडला तर मोडला. निदान ती मेली कशी एवढं तरी खरं राहू दे.

माऊ स्वतःच आली, सभेच्या दिवशी दुपारी, लेकीला कडेवर घेऊन. दारातच तिने मास्तरच्या गळ्यात हात टाकला. लहानपणानंतर असं कधी झालं नव्हतं. तिने ओटा पुसला, त्याचे शर्ट धुवायला काढले, औषधं कसली म्हणून विचारलं. नात चिंध्यांचं गाठोडं उपसून बसली होती, एकेक तुकडा आजोबांच्या मांडीवर आणून ठेवत होती. मास्तर तिच्याकडे बघत होता. हिच्यासाठी, त्याच्या मनात येत होतं. हिच्या देखत. मग पोर झोपली, आणि त्याने सांगितलं. सगळं सांगितलं, काही राखून न ठेवता. आई काय म्हणाली, कोणत्या शब्दांत म्हणाली, नंतरसुद्धा सांगू नका म्हणाली ते. सांगताना त्याला एकच वाटत होतं. लेक आता कोसळेल, आता उठून जाईल, आता त्या पलंगावरच्या पोरीकडे बघेल आणि बायकोला जे नको होतं ते इथेच, या खोलीत घडेल. माऊ शांतपणे ऐकत होती. त्याचं झाल्यावर तिने त्याचा हात हातात घेतला.

"बाबा, कोणी आलं होतं का तुमच्याकडे? त्या डॉक्टरची माणसं?"

"कोण येणार? मी सांगतोय तुला. मी."

"आधी म्हणालात अचानक गेली. मग दोन वर्षं गप्प. आता हे." तिच्या आवाजात राग नव्हता, तोच मास्तरला सोसेना. "मी तुम्हाला दोष देत नाहीये. तुम्ही भोळे आहात. ती डॉक्टर आहे, आज ना उद्या तिच्याच दारात जायचंय, अशी भीती वाटते माणसाला."

"माऊ, अगं तो फोटो तूच काढलास. कोट घातला होता तिने. दोन डाव्या बाह्या. ती हसत होती, आठव ना."

माऊने डोळे मिटले. ती खरंच आठवत होती, प्रामाणिकपणे, कपाळाला आठ्या घालून. "कोट आठवतोय," ती म्हणाली. "पण आई रडत होती, बाबा. तुम्ही काहीतरी बोलला होतात तिला. म्हणून तर मी कॅमेरा खाली ठेवला." आणि मास्तर तिच्या तोंडाकडे बघत राहिला. नाही, असं त्याला ओरडायचं होतं. पण त्याच्याही डोळ्यांपुढे भिंतीला टेकून खाली बसणारी ती आली, तोंड वाकडं, गाल ओले, आणि एक क्षण, देवाशपथ, त्याला नक्की सांगता येईना.

माऊने त्याच्या हातावर थोपटलं. "तुम्ही झोपा जरा. मी सभेला जाऊन येते. हिच्याकडे लक्ष ठेवा." "नको जाऊस," तो म्हणाला. "का? आईसाठी कधी काही करता आलं नाही मला. एवढं तरी करू दे." तिने केस सारखे केले, आरशात बघितलं, आणि जिना उतरून गेली. ती खूप हलकी दिसत होती. आपल्या मुलीला एवढं हलकं त्याने कधी बघितलं होतं ते त्याला आठवेना.

मैदान घरापासून लांब नव्हतं. आधी नुसती खरखर आली, मग गाणं, मग त्या गुळगुळीत माणसाचा आवाज. मास्तर पलंगाच्या कडेला बसून होता, नातीच्या अंगावरचं पांघरूण विनाकारण सारखं करत. मग माऊचा आवाज आला. कर्ण्यातून आलेला, फाटलेला, पण तिचाच. ती आईचं बोलली. चार महिन्यांचं बोलली. डॉक्टरीणबाईंचं नाव घेतलं तेव्हा लोकांतून हुर्यो उठली, आणि मास्तरला रिकाम्या बाकांसमोर एकट्या बसलेल्या बाई दिसल्या. त्यांनाही हे ऐकू जात असणार. हे आता ऐकवत नाही म्हणून खिडकी लावून घ्यायला तो उठला. कडीला हात लावला.

"माझे बाबा आज इथे आलेले नाहीत," माऊ म्हणत होती. "ते अजूनही त्या बाईला पाठीशी घालतात. आज दुपारीसुद्धा माझ्याशी खोटं बोलले. मी दोन वर्षं त्यांच्याशी धड बोलले नाही. मला वाटत होतं त्यांनीच केलं सगळं. मला त्यांना सांगायचंय... बाबा, ऐकताय ना? तुमची काही चूक नाही. माझा तुमच्यावर काही राग नाही, बाबा."

हे वाक्य ऐकायला मास्तरने दोन वर्षं काढली होती. रोज रात्री अंथरुणात, भिंतीकडे तोंड करून, त्याने ते तिच्या आवाजात स्वतःला ऐकवून बघितलं होतं. ते असं येईल हे त्याच्या कधी मनात आलं नव्हतं, पण वाक्य आलं होतं. त्याचे डोळे वाहायला लागले. छातीतलं काहीतरी सैल होत होतं, आणि हे कशावर उभं आहे ते त्याला पुरतं ठाऊक होतं, आणि तरी त्याला बरं वाटत होतं. खाली टाळ्यांचा कडकडाट झाला, त्यात तिचे पुढचे शब्द बुडायला लागले. मास्तरने कडीवरचा हात काढला, आणि नीट ऐकू यावं म्हणून खिडकीचं दुसरंही दार उघडलं.